फ्लूचा विषाणू कुठे कापला जातो?

नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापुरात २००६च्या फेब्रुवारीत पोल्ट्रीतल्या कोंबड्या पटापट मरू लागल्या. १८ फेब्रुवारीला सरकारने जाहीर केलं: हा बर्ड फ्लू आहे, एच५एन१. कोंबड्यांमधला हा देशातला पहिलाच उद्रेक. काही लाख कोंबड्या मारून पुराव्या लागल्या. पुढे जळगाव जिल्ह्यातल्या गावांत घरोघरी पाळलेल्या कोंबड्यांतही हाच विषाणू सापडला.  

माणसाला फ्लू झाला की बहुतेक वेळा आठवडाभर ताप, खोकला, अंगदुखी, आणि मग आराम पडतो. त्याच घराण्यातल्या या विषाणूने कोंबडीचं फुप्फुस तर धरलंच, पण यकृत आणि मेंदूही सोडला नाही. असं का व्हावं?

याचा शोध घेणाऱ्यांत पुण्याची राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था, म्हणजेच एनआयव्ही होती. १९५२मध्ये रॉकफेलर फाउंडेशनच्या साहाय्याने ती सुरू झाली. नवापूरच्या कोंबडीतून मिळालेल्या विषाणूचा संपूर्ण जनुकीय आराखडा तिथल्या संशोधकांनी वाचला.

असलं काम बीएसएल-३ दर्जाच्या प्रयोगशाळेतच करतात. आतल्या हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा कमी ठेवलेला असतो, त्यामुळे दार उघडलं तरी हवा आत ओढली जाते. बाहेर जाणारी हवा हेपा फिल्टरमधून गाळली जाते.

आणि एवढ्या बंदोबस्तात विषाणू वाढवतात तो कोंबडीच्याच अंड्यात. नऊ ते अकरा दिवस उबवलेलं अंडं अंधाऱ्या खोलीत दिव्यासमोर धरतात. कवचाआड लाल शिरा दिसतात, गर्भ हलताना दिसतो. हवेच्या पोकळीची कड पेन्सिलीने आखून घेतात, बारीक भोक पाडतात, सुईने नमुन्याचे थेंब गर्भाभोवतीच्या द्रवात सोडतात आणि भोक बुजवून अंडं पुन्हा उबेत ठेवतात. माणसाच्या फ्लूला दोन-तीन दिवस द्यावे लागतात. एच५एन१ मात्र एक-दोन दिवसांतच गर्भ मारतो. द्रव काढण्याआधी अंडं फ्रिजमध्ये गार करतात. त्याने रक्तवाहिन्या आकसतात आणि द्रवात रक्त उतरत नाही. रक्त उतरलं तर विषाणू त्यातल्या तांबड्या पेशींनाच चिकटून बसतील.

हा चिकटण्याचा गुण पुढच्या चाचणीत मात्र उपयोगी पडतो. छोट्या छोट्या खळग्यांच्या प्लेटमध्ये तो द्रव पायरीपायरीने पातळ करत नेतात आणि प्रत्येक खळग्यात कोंबडीच्या तांबड्या पेशी घालतात. विषाणू नसेल तर अर्ध्या तासात पेशी तळाशी बसून लाल ठिपका दिसतो. विषाणू असेल तर पेशी एकमेकींत गुंतून खळगाभर पसरतात. पेशी गुंतवणारं विषाणूच्या अंगावरचं प्रथिन म्हणजे हिमॅग्लुटिनिन. एच५मधला ‘एच’ तो हाच.

विषाणू आपल्या पेशीत शिरतो तोही याच प्रथिनाच्या जोरावर. आत गेल्यावर त्याचे आरएनएचे आठ तुकडे पेशीच्या केंद्रकात पोचतात आणि तिथे त्यांच्या नकला निघतात. प्रथिनं केंद्रकाबाहेर घडतात. मग आठही वेगवेगळे तुकडे पेशीच्या पडद्याखाली एकत्र येतात, पडदा फुगतो आणि नवा विषाणू सुटा होऊ लागतो. पेशीवरच्या सायलिक आम्लाला तो चिकटलेलाच असतो. न्यूरामिनिडेज, म्हणजे नावातला ‘एन’, ते आम्ल कापतो तेव्हा त्याची सुटका होते. २००९च्या स्वाइन फ्लूत रुग्णांना दिलेलं ऑसेल्टामिविर नेमकं इथेच आडवं येतं.

असा बाहेर पडलेला विषाणू कित्येकदा निकामी असतो. हिमॅग्लुटिनिन ठरावीक जागी कापलं गेल्याशिवाय तो पुढच्या पेशीत शिरू शकत नाही, आणि ही कात्री यजमानाच्या शरीरात असते. माणसाच्या नेहमीच्या फ्लूला लागणारी विकरं मुख्यतः श्वसनमार्गात सापडतात, म्हणून आजारही बहुधा तिथेच राहतो. प्रयोगशाळेत कुत्र्याच्या मूत्रपिंडाच्या पेशींवर हा विषाणू वाढवताना त्यात ट्रिप्सिन हे असंच कापणारं विकर मुद्दाम घालावं लागतं. एच५एन१ ट्रिप्सिनशिवायच वाढतो. त्याच्या कापण्याच्या जागी आर्जिनिन आणि लायसिन या अमिनो आम्लांची ओळच असते. ती ओळ फ्युरिन नावाचं विकर कापतं, आणि फ्युरिन शरीरात जवळपास सगळीकडे असतं. म्हणून यकृत, म्हणून मेंदू.

नवापुरात माणसांचेही नमुने तपासले गेले, त्यांत एच५एन१ आढळला नाही. पक्ष्यांचा विषाणू ज्या जोडणीचं सायलिक आम्ल धरतो, ती जोडणी माणसाच्या नाका-घशात विरळ असते. खोल फुप्फुसात ती मिळते. त्यामुळे लागण सहसा होत नाही, पण झालीच तर जिवावर बेतते. २०२१मध्ये हरियाणातल्या एका मुलाचा दिल्लीत मृत्यू झाला. एनआयव्हीच्या तपासणीत एच५एन१ निघाला. माणसातली ही देशातली पहिली नोंद.

म्हणूनच नवा नमुना हाती आला की संशोधक हिमॅग्लुटिनिनमधल्या दोन जागा आवर्जून पाहतात: कापण्याची आणि पेशीला धरण्याची. पण त्यासाठी आधी नमुना यावा लागतो. गावात एकाएकी बऱ्याच कोंबड्या मेल्या, तर त्या उघड्या हाताने उचलू नयेत, खाऊ नयेत, नाल्यात टाकू नयेत. त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावं.