जीव नकोसा झाला, हे कोणाच्या भाषेत सांगायचे?

सीमाभागातील भाषेचा प्रश्न म्हटला की आपल्यापुढे शाळा, पाट्या आणि कचेरीतील अर्ज उभे राहतात. १९५६ च्या नोव्हेंबरात राज्यांची पुनर्रचना झाली, भंडारा मुंबई राज्यात गेला आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. तेव्हापासून बावनथडीच्या पलीकडे तलाठी नि सातबारा, अलीकडे पटवारी नि खसरा. पलीकडे पोलीस पाटील, अलीकडे कोटवार. हे सारे आपल्या अंगवळणी पडले आहे. सोयरीक मात्र आजही दोन्ही तीरांवर चालू आहे. कटंगीकडच्या घरांत पोवारी आणि मराठी बोलली जाते, बाजारात हिंदी. आज आम्ही हा भाषेचा प्रश्न जरा निराळ्या ठिकाणी नेणार आहोत. रात्ररात्र डोळ्याला डोळा न लागलेल्या माणसाच्या खाटेपाशी.

अशा माणसाला काय होते, हे तो कसे सांगतो ते आठवून पाहा. 'डिप्रेशन आले आहे' असे गावात कोणी म्हणत नाही. 'कशातच जीव लागत नाही', 'जिवाला घोर लागला आहे', 'अन्न गोड लागत नाही' असे म्हणतात. त्यातही 'जीव नकोसा झाला' हे वाक्य पाहा. वैशाखाच्या उन्हात आपण ते दिवसातून दहादा उच्चारतो आणि त्याचा अर्थ एवढाच की फार उकडते आहे. पण तेच वाक्य एखादा अबोल माणूस खाली मान घालून, हळू आवाजात म्हणतो, किंवा 'माझ्यामागे पोरांकडे लक्ष ठेवा' असे सहज बोलून जातो, तेव्हा त्याचा अर्थ पूर्ण बदलतो. हा फरक कागदावरच्या प्रश्नावलीला कळत नाही. परगावच्या साहेबालाही तो चटकन कळणार नाही. त्याच बोलीत वाढलेल्या शेजाऱ्याला कळतो, मात्र पुढे काय करायचे हे त्याला कोणी शिकवलेले नसते.

ते शिकवता येते, आणि शिकवले गेले आहे. गोव्यातील 'संगाथ' या संस्थेने वैद्यकीय शिक्षण नसलेल्या साध्या माणसांना तयार केले. प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या, बऱ्यापैकी गंभीर नैराश्य असलेल्या रुग्णांशी त्यांनी सहा ते आठ बैठकांत बोलावे, त्यांना रोजच्या कामात पुन्हा गुंतवावे, अशी ही पद्धत. २०१७ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तीन महिन्यांनी अशा रुग्णांपैकी ६४ टक्के नैराश्यातून बाहेर आले होते. नेहमीचे उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते. विदर्भातील ३० खेड्यांत 'विश्राम' हा उपक्रम झाला. नैराश्य असलेल्यांपैकी मदतीपर्यंत पोहोचणारे आधी ४.३ टक्के होते, ते दीड वर्षात २७.२ टक्के झाले, आणि आत्महत्येचे विचार येत असल्याचे सांगणारे ५.२ वरून २.५ टक्क्यांवर आले. नाशिक जिल्ह्यातील ४१ गावांत 'आत्मीयता' या नावाने गावकऱ्यांनाच तयार करण्यात आले. नावच मराठी, अर्थ समजावून सांगायची गरज पडली नाही.

भाषेचा मुद्दा किती खोल आहे हे पाहायचे तर थोडे दूर, आफ्रिकेतील झिम्बाब्वेत जावे लागेल. तिथे हरारे शहरात डॉ. डिक्सन चिबांडा यांनी २००६ पासून आजीबाईंना प्रशिक्षण दिले. दवाखान्याच्या आवारात एक बाक, त्यावर आजीबाई, आणि शेजारी दुःखी माणूस. या आज्या आजाराचे इंग्रजी नाव घेत नाहीत. शोना भाषेत 'कुफुंगिसिसा' म्हणतात, म्हणजे अति विचार करणे. आपल्याकडे 'विचार लागले' म्हणतात तेच हे. तेथील प्रश्नावलीही लोकांच्या तोंडच्या शब्दांवरून बांधलेली आहे, आणि ती १९९० च्या दशकात तयार करणाऱ्यांत डॉ. विक्रम पटेल होते, ज्यांनी पुढे गोव्यात 'संगाथ' उभी केली. शब्द आधी गोळा केले, उपचार मागाहून बेतला. आम्हांला हा क्रम फार महत्त्वाचा वाटतो.

आता आपल्याकडे या. महाराष्ट्र सरकारने २०१५ साली 'प्रेरणा प्रकल्प' काढला. आशाताईंनी घरोघर जाऊन शेतकऱ्यांची मनःस्थिती विचारायची, अशी त्याची रचना. तो मराठवाडा आणि विदर्भातील १४ जिल्ह्यांसाठी होता. धान पिकवणारे भंडारा-गोंदिया त्यात नव्हते, मग बावनथडीच्या अलीकडचा प्रश्नच नाही. मध्य प्रदेशात सिहोर जिल्ह्यात सरकारी दवाखान्यांतून 'मन कक्ष' सुरू झाले, आशांना प्रशिक्षणही मिळाले. काम चांगले आहे, पण ते हिंदीत आहे आणि सिहोर आपल्यापासून लांब. कटंगी या दोन्हींच्या मधल्या फटीत पडते. राज्याची मोठी मानसिक रुग्णालये ग्वाल्हेर आणि इंदूरला. नागपूरचे मनोरुग्णालय त्या मानाने जवळ, पण त्याचे नाव काढले की घरची माणसे गप्प होतात.

आमची सूचना साधी आहे. आशाताई, अंगणवाडी ताई, बचत गटातील दोन-चार बाया, कोटवार, आणि कीटकनाशके विकणारा कृषी केंद्राचा दुकानदार, इतक्यांना गावोगाव तयार करावे, आणि घरात जी बोली चालते तिच्यातच करावे. दुकानदाराचे नाव वाचून कोणी हसेल. पण औषध मागायला आलेल्याचा चेहरा सगळ्यांत आधी त्यालाच दिसतो.

शिकायचे काय? आधी ऐकणे. मध्येच 'असा विचार करू नकोस, देवावर भरवसा ठेव' असे म्हणून माणसाचे तोंड बंद न करणे. हे वाटते त्याहून अवघड आहे. आपण सारे उपदेशात तरबेज. मग सरळ विचारणे, 'भाऊ, मरायचे विचार येतात का?' विचारल्याने विचार डोक्यात भरतो ही समजूत चुकीची आहे. उलट बोलायला वाट मिळते. होकार आला तर त्याला एकटे सोडायचे नाही, फवारणीची औषधे घरातून हलवायची किंवा कुलपात ठेवायची आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यायचे. आणि ऐकलेले पारावर बोलायचे नाही. लहान गावात ही शेवटची अट मोडली की सगळे शिक्षण पाण्यात. शिकलेल्या माणसानेही आपण डॉक्टर नाही हे ध्यानात ठेवावे. भास होणारा, झोप पूर्ण उडालेला रुग्ण गोड बोलण्याने बरा होत नाही.

पोलिसांच्या भीतीने घरचे लपवतात. ती भीती आता बाळगू नये. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने, आत्महत्येचा प्रयत्न करणारा तीव्र ताणाखाली होता असेच धरायचे ठरवले. जुन्या दंड संहितेतील ३०९ कलम १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेत राहिलेले नाही. याच २०१७ च्या कायद्यात आणखी एक गोष्ट आहे, जी भाषाप्रश्नावर भांडणाऱ्यांनीही क्वचित उचलली. रुग्णाची संमती घ्यायची ती त्याला समजेल अशा भाषेत सारे सांगून. म्हणजे बालाघाटच्या दवाखान्यातही मराठी म्हातारीला मराठीत सांगा, असे म्हणण्याचा आधार आपल्या हाती आहे.

तोवर एक सोय आहे. केंद्र सरकारची 'टेली मानस' ही दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र लागतो, पैसे पडत नाहीत आणि भाषांत मराठीही आहे. आपण मध्य प्रदेशात राहतो म्हणून संकोच करू नये. भाषा मराठी हवी म्हणून सांगावे.

नाशिक-गोव्याकडे या कामाचा अनुभव तयार आहे. तिथल्या संस्थांना ग्रामसभेने एक पत्र लिहायला काय हरकत आहे? पण वर्ग भरवायचे ते पावसाआधी भरवा. एकदा रोवणी लागली की गावातल्या एका बाईलाही सवड मिळत नाही, आणि धान विकून सोसायटीचा हिशेब होईपर्यंत वाट पाहिली तर ज्यांना गरज आहे त्यांचे सगळ्यांत वाईट दिवस तोवर येऊन गेलेले असतात.