कुंचला आणि चरितार्थ

आपल्या समाजातील एखादा मुलगा किंवा मुलगी चित्रकलेच्या शिक्षणासाठी ट्रस्टकडे साहाय्य मागते, तेव्हा समितीच्या बैठकीत आणि त्या घरातही एकच प्रश्न उठतो : यावर पोट कसे भरणार? विचारणाऱ्यांना आम्ही दोष देत नाही. रंग, कागद व कॅनव्हास यांचा खर्च वडिलांच्या मिळकतीतून जावयाचा असतो, आणि घरात धाकटी भावंडे शिकत असतात. परंतु या प्रश्नाच्या मुळाशी एक समजूत आहे. माणूस एक तर कलावंत असतो, नाही तर धंदेवाईक. आणि एकदा एका दारातून आत गेला की दुसरे दार त्यास कायमचे बंद होते. ही समजूत कितपत खरी आहे, हे आपल्याच शहराशी निगडित अशा दोन चित्रकारांवरून पाहण्याचे आम्ही योजिले आहे.

ही दोन दारे शाळेतच वेगळी झाली, असे म्हणावे लागते. मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत 1935 साली व्यापारी कलेचा निराळा विभाग निघाला, आणि 1961 साली त्याची स्वतंत्र उपयोजित कला संस्था झाली. भेद तसा साधा आहे. जाहिरातीच्या चित्राचा विषय, आकार आणि मुदत गिऱ्हाईक ठरवितो; स्वतःच्या चित्रात हे तिन्ही चित्रकाराकडे असते, मात्र गिऱ्हाईक येईल याची हमी कोणी देत नाही. हात मात्र दोन्हीकडे तोच असतो, ही गोष्ट आपण विसरतो.

पहिले उदाहरण पाकाल तिरुमल रेड्डी यांचे, म्हणजेच पी. टी. रेड्डी यांचे. जन्म 1915, करीमनगर जिल्ह्यात, शेतकऱ्याच्या घरी. हैदराबादचे कोतवाल राजा बहादूर वेंकटराम रेड्डी यांनी 1918 साली आपल्या समाजाच्या मुलांसाठी वसतिगृह काढले होते. त्यांच्याच आश्रयामुळे हा मुलगा मुंबईस जे. जे. मध्ये पोहोचला. (समाजाच्या पैशाने चित्रकार घडल्याचे उदाहरण शोधण्यास आपणांस फार दूर जावयास नको, ते हे असे.) 1939 साली त्यांनी पदविका घेतली, आणि 1941 साली भोपळे, मजीद, कुलकर्णी व बाप्टिस्टा यांच्याबरोबर तरुण चित्रकारांचा एक नवा गट उभा केला. एवढी उमेद असलेला हा गृहस्थ पुढे हैदराबादेस परतला आणि फर्निचरच्या धंद्यात शिरला! काही वर्षे टेबले-खुर्च्या हाच त्यांचा व्यवसाय होता. लोकांनी चित्रकार संपला असे म्हटले असल्यास नवल नाही. पण तो संपला नव्हता. पुढे ते पुन्हा चित्रांकडे वळले, आणि 1996 साली निधन होईपर्यंत चित्रे, मुद्राचित्रे, शिल्पे असे विपुल काम त्यांच्या हातून झाले. नारायणगुड्यातील त्यांचे ‘सुधर्मा’ हे घरच एक चित्रशाळा बनले.

दुसरे उदाहरण मकबूल फिदा हुसेन यांचे. त्यांचाही जन्म 1915 चाच, आणि तोही पंढरपुरी. बालपण इंदुरात गेले. मुंबईत आल्यावर सिनेमाचे मोठमोठे फलक रंगविणे हा त्यांचा पहिला धंदा. हे काम कसे चालते, ते सांगण्याजोगे आहे. छोट्या छायाचित्रावर चौकटी आखावयाच्या, तितक्याच चौकटी फलकावर खडूने मारावयाच्या, आणि एकेक घर मोठे करीत जावयाचे. परांचीवर उभा असलेल्या माणसास समोर केवळ एक डोळा किंवा अर्धा गाल दिसतो; सबंध मुखडा त्याने डोक्यात धरावा लागतो. मजुरी चौरस फुटावर, आण्यांच्या हिशेबाने. नवा खेळ लागला की जुने चित्र पुसून त्याच फलकावर दुसरे. सही करण्याचा प्रश्नच नाही. 1941 साली लग्न झाले, संसार आला, तेव्हा त्यांनी नोकरी धरली. आणि ती कोठे, तर फर्निचरच्या व्यवसायात, मुलांचे सामान व खेळणी यांचे नमुने काढण्याची! रेड्डी चित्रे सोडून ज्या धंद्यात गेले, त्याच धंद्यातून हुसेन चित्रांकडे आले. 1947 साली मुंबईच्या प्रोग्रेसिव्ह चित्रकारांत त्यांचा समावेश झाला, आणि 1955 साली ‘जमीन’ या चित्रास ललित कला अकादमीचे पारितोषिक मिळाले. त्यांच्या मोठ्या कॅनव्हासवरील न अडखळणारी रेषा पाहिली की परांचीवरची ती वर्षे फुकट गेली, असे आम्हांस तरी म्हणवत नाही.

हैदराबादशी त्यांचा ऋणानुबंध जुना. डॉ. राम मनोहर लोहिया यांनी त्यांना सुचविले की श्रीमंतांच्या दिवाणखान्यांपुरते न राहता रामायण-महाभारत रंगवा. त्यावरून बद्रीविशाल पित्ती यांच्या आश्रयाने हैदराबादेत रामायणाची चित्रमाला सुरू झाली. ती चित्रे आपण शहराबाहेरील खेड्यांत नेऊन दाखविली, असे हुसेन यांनी स्वतः सांगितले आहे. फलकाच्या चित्राप्रमाणेच ही चित्रेही तिकिटावाचून, येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी. पुढे त्यांनी चित्रपटही काढले. 1967 च्या त्यांच्या लघुपटास बर्लिनमध्ये सुवर्ण अस्वल मिळाले, आणि 2004 च्या ‘मीनाक्षी’त आपले शहर कथेतच आले. उत्तरायुष्यातील वाद आणि 2011 साली लंडनमध्ये झालेला शेवट सर्वांस माहीत आहेत. येथे त्यांचे प्रयोजन नाही.

याखेरीज तिसरा एक वर्ग आहे, जो दार बदलीतच नाही. आपल्या जुन्या हैदराबाद संस्थानातील गुलबर्ग्याचे एस. एम. पंडित, किंवा ‘दीपावली’चे दीनानाथ दलाल. पोस्टर, कॅलेंडर, मुखपृष्ठ हेच त्यांचे क्षेत्र, आणि तेथे त्यांनी आपली सही अभिमानाने केली. मराठी घरांतील भिंतींवर थोर चित्रकारांपेक्षा कॅलेंडरचीच चित्रे अधिक टांगली गेली, हे कबूल करावयास काय हरकत आहे?

आता आपल्या समितीपुढील गोष्ट. हाताने रंगविलेले फलक छापील फ्लेक्सने जवळजवळ नाहीसे केले आहेत, तेव्हा हुसेन यांची ती शिडी आजच्या मुलास मिळावयाची नाही. मासाब टँक येथील कला महाविद्यालय 2008 पासून जवाहरलाल नेहरू वास्तुकला व ललित कला विद्यापीठाखाली आहे. तेथे चित्रकला, उपयोजित कला आणि शिल्प या शाखा निरनिराळ्या आहेत. उपयोजित शाखेच्या अर्जदारास आपण हसतमुखाने मदत देतो आणि चित्रकलेच्या अर्जदारास ‘पुढे काय?’ विचारतो, असे होऊ नये. आमची सूचना अशी की, शाखा पाहून निर्णय न घेता अर्जदाराच्या रेखाटनवह्या मागवाव्यात, आणि साहित्याच्या खर्चासाठी शुल्काव्यतिरिक्त वेगळी रक्कम ठेवावी. आम्ही हा विषय येत्या बैठकीत मांडणार आहोत.