डब्यातले शिलिंग

सोलापूरला अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचे टॉवेलचे माग आहेत. मराठीच्या पेपरात तो जेमतेम तरून जाई. पण मला जुन्या नाण्यांचा नाद आहे, एवढे मात्र त्याने पक्के ध्यानात ठेवले होते. नवरात्र संपताच त्याचा निरोप आला, "सर, आजोबांचा डबा काढलाय. एकदा येऊन बघा."

आजोबांनी नैरोबीत शिंपीकाम केले होते. परतताना आणलेले ३७ शिलिंग पितळी डब्यात होते. "एकेकाचे लाखभर येतात म्हणे!" तो म्हणाला. मागांच्या कर्जाचा हप्ता थकला होता, तेव्हा या 'म्हणे'वर त्याचा फार जीव जडला होता.

शिलिंग म्हणजे चांदीच, अशी आपली समजूत असते. पण राजाचा मुखडा एकच असला तरी आधी देश वाचावा, मग साल. इंग्लंडचा शिलिंग १९१९ पर्यंत ९२.५ टक्के चांदीचा, १९२० ते १९४६ निम्म्या चांदीचा, आणि १९४७ पासून चांदीला पारखा. दक्षिण आफ्रिकेचा १९५० पर्यंत ८० टक्के. आमच्या डब्यातला सिंह आणि डोंगर असलेला शिलिंग पूर्व आफ्रिकेचा. तो दिसायला या सर्वांहून मोठा, पण १९४६ पर्यंत त्यात चांदी अवघी पाव. १९४८ पासून तीही नाही. (तिकडे १९२० पर्यंत आपला रुपयाच चालत होता, हे किती जणांना ठाऊक असेल?)

साल पुसट असेल तर राजाभोवतीची अक्षरे पाहावीत. सहाव्या जॉर्जच्या नावापुढे 'इंड इंप', म्हणजे हिंदुस्थानचा सम्राट, असेल तर नाणे १९४६ पर्यंतचे. १९४८ च्या नाण्यावरून ही पदवी गेली. हिंदुस्थानच हातचा गेला होता!

आमच्या ३७ पैकी २१ जुने निघाले. शिलिंगाचे वजन पावणेआठ ग्रॅमच्या आसपास. म्हणजे सगळी मिळून चांदी चाळीस ग्रॅम. हौशी माणूस जास्त देतो, पण कोऱ्या नाण्याला. इथे तर दर लक्ष्मीपूजनाला घरच्यांनी चिंच आणि रांगोळी लावून सिंहाची आयाळ पार घासून काढली होती!

मी आकडा सांगितला. तो काही बोलला नाही. पलीकडे माग खडखडत होते. हप्त्याचे काय करणार, हे विचारायला माझी जीभ रेटेना.

उगाच भिंग फिरवीत बसलो, तो १९४२ च्या एका नाण्यावर सिंहाच्या बाजूला इंग्रजी 'आय' हे बारीक अक्षर दिसले. शोधता शोधता अशी चार निघाली. 'आय' म्हणजे इंडिया. महायुद्धाच्या काळात पूर्व आफ्रिकेचे काही शिलिंग मुंबईच्या टांकसाळीत पाडले गेले, हे त्यांतले.

"म्हणजे इथूनच गेले?" त्याने नाणे हातात घेतले.

"मुंबईहून. आजोबांनी परत आणले."

"याचे जास्त येतील?"

"फार नाही रे."

ती चार त्याने रुमालात वेगळी बांधली. बाकीची पुन्हा डब्यात टाकताना म्हणाला, "ही सराफाला दाखवतो. ही चार मात्र पूजेत ठेवतो. चालेल ना, सर?"

"ठेव की. पण चिंच लावू नकोस."

"मग कशाने घासायची?"

"घासायचीच नाहीत."

"आईला तुम्हीच सांगा," तो म्हणाला.