परांची आणि पेशी : हृदयाच्या झडपेच्या घडणीचा एक प्रश्न

हृदयाच्या झडपेची पाकळी एक मिलिमीटरहूनही पातळ असते. आणि नाडीचे मिनिटास सत्तर ठोके धरले, तर ती दिवसाकाठी सुमारे १ लाख वेळा उघडते व मिटते. हे काम ती जन्मभर करते, याचे कारण केवळ तिच्या द्रव्याच्या मजबुतीत शोधून भागणार नाही. महारोहिणीच्या झडपेत एका अंगास कोलॅजनचे बळकट तंतू, दुसऱ्या अंगास ताणले जाऊन पूर्ववत होणारे इलॅस्टिन आणि या दोहोंमध्ये पाणी धरून ठेवणारा मऊ थर असतो. या थरांत वस्तीस असलेल्या अंतराली पेशी झिजलेले तंतू काढून नवे घालीत असतात. झडप टिकते ती अशा अखंड डागडुजीमुळे.

मनुष्याने केलेल्या झडपेत ही डागडुजी नाही. यांत्रिक झडप टिकाऊ खरी, परंतु तिच्यापायी रक्त गोठू न देणारे औषध जन्मभर घ्यावे लागते. प्राण्याच्या ऊतकापासून केलेली झडप कालांतराने चुना साठून ताठरते, आणि कोवळ्या वयात हे अधिक लवकर घडते. शिवाय मूल वाढते, झडप वाढत नाही. तेव्हा शस्त्रक्रिया पुन्हा करणे आले. जिवंत झडप घडविण्याचा खटाटोप मुख्यतः या मुलांसाठी आहे.

यामागील कल्पना सोपी वाटते. विरघळणाऱ्या बहुवारिकाचा झडपेच्या आकाराचा साचा करावयाचा, त्यावर पेशी पेरावयाच्या. पेशींनी आपले तंतू विणावेत आणि साचा नाहीसा व्हावा. १९९५ मध्ये बॉस्टन येथील संशोधकांनी कोकरांमध्ये एक पाकळी या रीतीने बसविली. २००० साली तीन पाकळ्यांची पूर्ण झडप, स्पंदत्या प्रवाहात १४ दिवस वाढवून, कोकरांत २० आठवड्यांपर्यंत चालल्याचे प्रसिद्ध झाले.

या साच्याचे रूढ नाव ‘स्कॅफोल्ड’. मराठीत त्यास गवंड्यांची ‘परांची’ म्हणता येईल. शब्द चपखल आहे, पण फसवाही आहे. परांची उतरली की भिंतीला तिची आठवण राहत नाही. पेशींचे तसे नाही. त्या आधाराला धरून ओढतात, त्याचा ताठपणा अजमावतात आणि त्याप्रमाणे आपली वृत्ती बदलतात. कोलोरॅडो येथील संशोधकांनी २०१० मध्ये प्रकाशाने मऊ होणाऱ्या जेलवर डुकराच्या झडपेतील अंतराली पेशी वाढविल्या. जेलचा ताठपणा सुमारे ३२ किलोपास्कल असता पुष्कळ पेशी स्नायुसदृश, आकुंचनशील रूप घेत. तोच आधार पेशींखाली ७ किलोपास्कलपर्यंत मऊ केला असता त्यांतील बऱ्याच पुन्हा शांत होत. पेशी त्याच, द्रव्य तेच. पालटला तो केवळ आधाराचा ताठपणा.

हे आकुंचनशील रूप जखम भरून येताना उपकारक असते. झडपेत मात्र तेच घातक ठरते. पेशी नवे कोलॅजन घालतात हे हवेच असते, परंतु त्याबरोबर त्या पाकळी आखडूनही घेतात. मग पाकळ्यांच्या कडा एकमेकींस भिडत नाहीत आणि रक्त मागे गळते. साचा फार लवकर विरघळला, तर या ओढीस विरोध करणारे काही उरत नाही. फार काळ राहिला, तर परके द्रव्य शरीरात दाह चालू ठेवते.

मग निसर्गानेच विणलेली परांची का वापरू नये? डुकराच्या झडपेतील पेशी धुऊन काढून उरलेली जाळी बसविण्याचा मार्ग अशा विचाराने निघाला. २००१ मध्ये व्हिएन्ना येथे अशा झडपा चार मुलांना बसविण्यात आल्या. त्यांतील तीन मुले दगावली. एक सातव्या दिवशी, दुसरे सहा आठवड्यांनी, तिसरे वर्षाने. चौथ्याची झडप दोन दिवसांत खबरदारी म्हणून काढून घेण्यात आली. तपासणीत तीव्र दाह आढळला, पेशी पुरत्या निघालेल्या नव्हत्या असे दिसले, आणि जाळीत रुग्णाच्या पेशींनी वस्ती केलेली नव्हती. हा वृत्तांत संबंधित वैद्यांनीच २००३ मध्ये प्रसिद्ध केला, हे त्यांच्या सचोटीस शोभणारे होय.

पुढील प्रयत्नांत आकाराकडे अधिक लक्ष गेले. पेशींची ओढ थांबविता येत नसेल, तर पाकळीचा बाक व कडांचा परस्परांस भिडणारा भाग असा योजावा की रक्ताचा दाब त्या ओढीस तोलून धरील. झुरिच येथील संशोधकांनी गणिती प्रतिरूपावरून हा आकार ठरविला. ११ मेंढ्यांत बसविलेल्या अशा झडपांपैकी ९ वर्षभर कार्यक्षम राहिल्या, हे २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. पाकळ्या आखडण्याचा दोष प्रतिरूपाने भाकीत केल्याप्रमाणे टळला. तथापि रोपणावर पेशींचा थर मेंढीच्या शरीरात माणसापेक्षा पुष्कळ लवकर पसरतो. आणि मुलांच्या हृदयात ही गती कशी राहील, हे मेंढीवरून सांगता येत नाही.