सॅच्युरेशन, सलाईन आणि आठ ग्लास पाणी

बोटाला लावलेल्या पल्स ऑक्सिमीटरवरचा ९८ हा आकडा रक्तात ऑक्सिजन किती आहे ते सांगत नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनपैकी किती टक्के हिमोग्लोबिनवर ऑक्सिजन बसलेला आहे, म्हणजेच सॅच्युरेशन, एवढेच तो सांगतो. एसटीची आसने किती टक्के भरली ते कळले, तरी त्या मार्गावर गाड्या किती धावतात ते कळत नाही, तसेच हे. एक ग्रॅम हिमोग्लोबिन सुमारे १.३४ मिलिलिटर ऑक्सिजन वाहून नेते. हिमोग्लोबिन १५ असलेल्या माणसाच्या १०० मिलिलिटर रक्तात जवळजवळ २० मिलिलिटर ऑक्सिजन असतो. हिमोग्लोबिन ७ असेल, तर जेमतेम ९. यंत्र मात्र दोघांच्याही बोटावर ९८ दाखवते. दोन जिने चढून धापा टाकणाऱ्या बाईला ‘ऑक्सिजन तर चांगला आहे’ असे सांगून गप्प बसवले जाते, तेव्हा नेमके हेच निसटलेले असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. म्हणजे ही चूक अपवादाने होणारी नाही. रक्तक्षय शोधायला हिमोग्लोबिनच तपासावे लागते.

यंत्राची आणखी एक मर्यादा त्याच्या रचनेतच आहे. १९७०च्या दशकात जपानमध्ये ताकुओ आओयागी यांनी ज्या तत्त्वाचा पाया घातला, त्यावर ते चालते: लाल आणि अवरक्त असे दोन प्रकाश बोटातून पाठवायचे आणि नाडीच्या प्रत्येक ठोक्याला त्यातला कोणता किती शोषला गेला, ते मोजायचे. बोट गार पडले असेल, हात हलत असेल किंवा नखाला गडद नेलपॉलिश असेल, तर आकडा चुकू शकतो. तेव्हा ८८ दिसताच घाबरण्याआधी हात चोळून ऊबदार करावा, बोट बदलावे आणि आकडा स्थिर होईपर्यंत थांबावे. निरोगी माणसात तो साधारण ९५ ते १०० असतो. पुन्हा पुन्हा मोजूनही ९४च्या खाली राहिला तर डॉक्टरांना दाखवावे, आणि ९०च्या खाली गेला तर दवाखाना गाठण्यात वेळ घालवू नये.

सगळ्यांत घातक फसगत बंद न्हाणीघरातल्या गॅस गीझरमुळे होते. हवा खेळती नसली की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. असे हिमोग्लोबिनही लालभडक दिसते, त्यामुळे साध्या ऑक्सिमीटरला फरक कळत नाही. बेशुद्ध माणसाच्या बोटावर ९९ दिसू शकतो. अशा वेळी आकडा पाहत न बसता दार उघडून माणसाला मोकळ्या हवेत आणावे आणि थेट रुग्णालयात न्यावे.

२०२१ साली कोविडच्या लाटेत घरोघरी हुंगली गेलेली कापूर, ओवा आणि लवंगेची पुरचुंडी सॅच्युरेशन वाढवत नाही. कापराने नाकातल्या गारवा जाणवणाऱ्या चेतातंतूंना चेव येतो आणि श्वास मोकळा झाल्यासारखे वाटते, एवढेच. कापूर पोटात गेला तर लहान मुलांना झटके येऊ शकतात. पिंपळ रात्रीही ऑक्सिजन सोडतो, हीदेखील अशीच लाडकी समजूत. ऑक्सिजन प्रकाशसंश्लेषणातून येतो आणि त्याला उजेड लागतो. पिंपळाची सावली काही त्यामुळे कमी होत नाही.

याच्या उलट टोकाची भीती रुग्णालयाच्या व्हरांड्यात ऐकू येते: ऑक्सिजन लावला म्हणजे आता संपले. ऑक्सिजन हे औषध आहे आणि इतर औषधांसारखीच त्याची मात्रा असते. त्याची ‘सवय’ लागत नाही. चुलीच्या धुराने किंवा विडी-सिगारेटने फुप्फुसे कायमची निकामी होत आलेल्या आणि रक्तातला ऑक्सिजन सततच खूप कमी असलेल्या रुग्णांना घरी दिवसातून किमान १५ तास ऑक्सिजन दिल्यास आयुष्य वाढते. मात्र याच रुग्णांचा आकडा हट्टाने ९९वर नेला, तर त्यांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साचून गुंगी येऊ शकते. म्हणून त्यांच्यासाठी ८८ ते ९२ एवढेच लक्ष्य ठेवतात. काळजीपोटी नातेवाइकांनी सिलिंडरची कळ वाढवणे, हे औषधाचा डोस आपल्या मनाने दुप्पट करण्यासारखे आहे.

पाण्याबाबत घोटाळा सुरू होतो तो आठ ग्लासांपासून. १९४५ साली अमेरिकेच्या अन्न व पोषण मंडळाने प्रौढांना दिवसाला अडीच लिटर पाणी पुरेसे असल्याचे म्हटले होते. त्यातले बरेचसे पाणी अन्नातूनच मिळते, हेही तिथेच लिहिले होते. ते मागे पडले आणि लोकांच्या लक्षात राहिला तो नुसता आकडा. वरण, आमटी, ताक, कलिंगड हे उघडच पाणीदार. पण शिजलेल्या भातातही निम्म्याहून अधिक पाणीच असते. चहाही पाण्यातच मोजायचा. तो थोडी लघवी वाढवतो, पण प्यायलेले सगळे पाणी बाहेर काढत नाही. मे महिन्यात चंद्रपुरात स्लॅब ओतणारा मजूर आणि वातानुकूलित कचेरीतला कारकून यांना एकच माप लागू पडणार तरी कसे? तहान आणि लघवीचा रंग हे बहुतेकांसाठी पुरेसे मोजमाप आहे. म्हाताऱ्या माणसांची तहान मंदावलेली असते, त्यांना मात्र आठवणीने पाणी द्यावे लागते.

जास्त पाण्याने काही बिघडत नाही, हेही खरे नाही. रक्तातल्या सोडियमची पातळी १३५ ते १४५च्या दरम्यान राहावी लागते. पाण्याचा भडिमार झाला की ती उतरते आणि मेंदूच्या पेशी फुगू लागतात. २००२च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्क्यांचे सोडियम १३५ किंवा त्याहून कमी निघाले. शर्यतीत भरपूर पाणी पिऊन वजन वाढलेल्यांना हा धोका अधिक होता.

जुलाबात पाणी दिले की जुलाब वाढतात, या समजुतीने मात्र बाळांचे जीव गेले आहेत. जलसंजीवनी म्हणजेच ओआरएस जुलाब थांबवण्यासाठी नसतेच. शरीरातून गेलेले भरून काढण्यासाठी असते. आतड्यात ग्लुकोज आणि सोडियम एकाच दारातून जोडीने आत जातात आणि त्यांच्यामागून पाणी ओढले जाते. जुलाब चालू असतानाही हे दार उघडे राहते. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत सलाईन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ आणि ग्लुकोजचे पाणी पाजायला सुरुवात केली. कॉलऱ्याने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आले. आज पाकिटात १ लिटरसाठी १३.५ ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम सायट्रेट असते. पाकिटावर लिहिलेले लिटरचे माप हाच त्यातला कळीचा मजकूर. अख्खे पाकीट एका ग्लासात ओतले, तर ते दाट द्रावण उलट आतड्यात पाणी खेचते. नावात ओआरएस मिरवणारी गोड पेयेही हेच करू शकतात. २०२५च्या ऑक्टोबरमध्ये अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने अशा पेयांना हा शब्द वापरायला मनाई केली.

आणि सलाईन. ‘अंगात ताकद नाही, एक बाटली लावा’ ही मागणी गावोगावच्या दवाखान्यांत रोजची आहे. ५०० मिलिलिटरच्या साध्या सलाईनमध्ये साडेचार ग्रॅम मीठ असते आणि उष्मांक शून्य. पाच टक्के ग्लुकोजच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर, म्हणजे साधारण एका पोळीइतकी ऊर्जा. बाटली पिवळी दिसते ती त्यात सोडलेल्या जीवनसत्त्वांच्या इंजेक्शनने. हुशारी वाटते त्यात तास-दोन तास आडवे पडण्याचा वाटा मोठा. उलट्या थांबत नसतील, रक्तदाब घसरला असेल किंवा रुग्ण शुद्धीवर नसेल, तेव्हा सलाईन जीव वाचवते. तोंडाने पिता येत असेल, तर त्याची सहसा गरज नसते.

हृदय कमजोर असलेल्या माणसाला तर ते महागात पडू शकते. फुप्फुसातल्या हवेच्या पिशव्या आणि रक्त यांच्यामध्ये मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ पडदा असतो. हृदयाला न पेललेले पाणी मागे तुंबून या पिशव्यांत झिरपू लागले, की ऑक्सिजनची वाट अडते. आधी घोट्यांवर सूज येते. बोटाने दाबले की खळगा पडतो आणि तो लगेच भरत नाही. मग रात्री आडवे झाले की दम कोंडतो, एका उशीच्या दोन-तीन होतात. अशा रुग्णांना डॉक्टर पाण्याचे आणि मिठाचे माप ठरवून देतात. रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी, त्याच काट्यावर वजन करायलाही सांगतात. दोन-तीन दिवसांत दोन किलो वजन वाढले, तर ती चरबी नव्हे, साचलेले पाणी आहे. आणि हे काट्यावर दिसते, तेव्हा ऑक्सिमीटर अनेकदा अजून ९७च दाखवत असतो.