स्पॅगेटीचा पूल

इटालियन स्वयंपाकघरातील स्पॅगेटी ही आपल्याकडील शेवईची थोरली बहीण म्हणावयास हरकत नाही. शेवई केसासारखी बारीक. स्पॅगेटीची काडी मात्र दीड-दोन मिलिमीटर जाड, सुमारे २५ सेंटिमीटर लांब आणि पट्टीने आखल्यासारखी सरळ. डुरम नावाच्या कठीण गव्हाच्या रव्याची ही काडी घेऊन कोणी पूल बांधावयास बसले, तर घरातील वडील मंडळी त्यास पोरखेळच म्हणतील. परंतु कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या ओकानागन कॉलेजात १९८३ साली अशा पुलांची स्पर्धा सुरू झाली आणि पुढे तिच्यासाठी परदेशांतूनही विद्यार्थी येऊ लागले. २००९ साली हंगेरीतील ग्यॉर येथील विद्यापीठाच्या दोघा विद्यार्थ्यांचा पूल पहिला आला. त्याचे वजन ९८२ ग्रॅम होते आणि त्याने ४४३.५८ किलो भार पेलला. दुसऱ्या क्रमांकाच्या पुलाचे वजनही नेमके ९८२ ग्रॅमच होते; त्याने पेलला ९८.७१ किलो. पदार्थ तोच, वजन तेच, आणि सामर्थ्यात साडेचार पटींचे अंतर! हे अंतर पडते ते रचनेमुळे.

एक काडी हाती घेतली की रचनेचे मर्म कळू लागते. दोन्ही टोके धरून ती सरळ ओढावी. ती तुटण्याआधी बहुधा बोटेच निसटतात. वाकविली तर मात्र ती तत्काळ मोडते, आणि तीही क्वचितच दोन तुकड्यांत. बहुधा तीन किंवा अधिक होतात. (हे असे का, याचा उलगडा पॅरिसच्या दोन शास्त्रज्ञांनी २००५ साली केला. एका तुकड्यातून उठलेली लाट दुसरीकडे काडीस पुन्हा मोडते.) आता काडी तराजूवर उभी धरून वरून हलकेच दाबावी. ती चिरडत नाही, चुरत नाही. थोडक्या दाबाने बाजूला बाक घेते आणि मग मोडते. तीच काडी अर्धी करून दाबली, तर बाक येण्यास सुमारे चौपट दाब लागतो. ऑयलर या स्विस गणितज्ञाने हा नियम १७४४ साली मांडला. दाब सोसणाऱ्या काडीचा घात तिच्या दुबळेपणापेक्षा तिच्या लांबीमुळे होतो, असा त्याचा अर्थ होय.

जाडीचा हिशेबही असाच नवलाचा आहे. चार काड्या सुट्या उभ्या केल्या, तर त्या एकीच्या चौपट भार घेतील. त्याच चार काड्या चौकोनी जुडीत आरपार घट्ट चिकटविल्या, तर गणिताने तो भार सुमारे वीसपट होतो. काड्या त्याच; एकमेकींना धरून ठेवणाऱ्या गोंदाने हे साधले. हा गोंद सुटला, तर जुडी पुन्हा चार दुबळ्या काड्यांची होते.

ही गोष्ट पोलादालाही लागू आहे. कॅनडातच क्वेबेक शहराजवळ सेंट लॉरेन्स नदीवर, भिंतीतून फळी पुढे काढावी तसे बाहू पुढे काढीत एक रेल्वेपूल बांधला जात होता. अशा बाहूत खालच्या बाजूवर दाब येतो. तेथील दाब सोसणारे भाग पोलादी पत्र्यांच्या जुड्याच होते आणि त्यांना एकत्र धरणाऱ्या जाळीदार पट्ट्या फार दुबळ्या होत्या. शिवाय मधला गाळा १६०० फुटांवरून १८०० फुटांपर्यंत वाढविला असता, पुलाच्या स्वतःच्या वजनात पडलेली भर वेळीच हिशेबात घेतली गेली नाही. १९०७ च्या ऑगस्टात हे भाग बाकल्याचे जागेवरील माणसांच्या ध्यानात आले. बाक जुना की नवा, यावर पत्रव्यवहार चालू राहिला. २९ ऑगस्ट रोजी सल्लागार अभियंत्याने न्यूयॉर्कहून पुलावर आणखी भार न घालण्याविषयी तार केली. परंतु ती गेली पेनसिल्व्हेनियातील कारखान्याकडे. त्याच संध्याकाळी पूल काही सेकंदांत कोसळला आणि ७५ कामगार मृत्युमुखी पडले. त्यांत एकाच कानावाके वस्तीतील मोहॉक जमातीचे तिसाहून अधिक होते. पुढे १९१७ साली पुरा झालेल्या दुसऱ्या पुलात हे भाग कितीतरी भरदार केले गेले.

घरी पूल बांधू पाहणाऱ्याने प्रथम त्रिकोण जोडावेत. काड्यांचा चौकोन कोपऱ्यांत कलंडतो; त्रिकोणाची बाजू मोडल्याखेरीज त्याचा आकार बदलत नाही. दोन मेजांच्या कडांवर टेकविलेल्या साध्या पुलात दाब वरच्या बाजूस व ताण खालच्या बाजूस येतो. म्हणून वरचे तुकडे आखूड आणि जुडीचे हवेत, खालचे सडपातळ चालतात. पाण्यात कालवलेली खळ वापरू नये, तिने काडी मऊ पडते; दोन नळ्यांतून येणारा इपॉक्सी गोंद बरा. पावसाळी हवेत काड्या सर्दावतात, तेव्हा डबा घट्ट झाकावा. पूल वाळला की मध्यभागी डोलची टांगून तीत वाटी-वाटी तांदूळ घालीत जावे, आणि डोळा डोलचीवर न ठेवता वरच्या काड्यांवर ठेवावा. एखादी केसभर बाकलेली दिसली की हात आवरावा, तांदूळ काढून घ्यावा आणि त्या काडीच्या मध्यावर आडवा आधार चिकटवावा. तिची लांबी निम्मी झाली.