मेन कून: केसांखालचं मांजर

मेन कून जातीचा बोका दिसला की लोक आधी त्याचं वजन विचारतात आणि मग सांगतात, ‘याच्यात रकूनचं रक्त आहे म्हणे.’ साफ खोटं. रकून आणि मांजर ही दोन वेगळी प्राणिकुळं. त्यांचा संकर होऊच शकत नाही. पट्ट्यापट्ट्यांची झुपकेदार शेपटी बघून कुणीतरी हे रचलं असावं. फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत हिने आपली मांजरं अमेरिकेला धाडली, ही कथाही तितकीच रंगतदार आणि तितकीच निराधार. जहाजांवरून आलेली लांब केसांची मांजरं ईशान्य अमेरिकेतल्या मेन राज्यात स्थानिक मांजरांत मिसळली आणि तिथल्या कडाक्याच्या हिवाळ्यात जी तगली त्यांचा हा वंश, हे जास्त पटतं. १८९५ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधल्या प्रदर्शनात पहिली आलेली कोझी याच जातीची.

वजनाबद्दल विक्रेते काहीही ठोकून देतात. बोका साधारण ६ ते ८ किलोंचा, काही त्याहून जड, मांजरी हलकी. वाढ मात्र सावकाश, ३ ते ५ वर्षं चालते. म्हणून लवकर मोठं व्हावं या हौसेने खाऊ घालू नये. बरगड्या बोटांना लागल्या पाहिजेत.

आता केस. नागपूर-पुण्याच्या उन्हाळ्यात ‘बिचाऱ्याला उकडतंय’ म्हणून सगळी लव भादरून टाकणारे भेटतात. मांजर घामाने गार होत नाही. घाम येतो तो फक्त पंजांच्या गाद्यांना. ते अंग चाटतं, ती लाळ सुकताना गारवा मिळतो. भादरलेली उघडी कातडी उन्हात भाजते, तो धोका वेगळाच. त्यापेक्षा गार फरशी, पंखा आणि दोन-तीन ठिकाणी पाणी ठेवा.

‘मांजर स्वतःला चाटतं, विंचरायचं कशाला?’ हा त्याचा उलटा गैरसमज. पाठ छान दिसते. जटा धरतात त्या काखेत, पोटाखाली, कानांमागे आणि मागच्या मांड्यांवर. आठवड्यातून दोन-तीनदा धातूचा रुंद दातांचा कंगवा तिथे मुळापर्यंत फिरवावा. गुंता लागला तर केस मुळाशी चिमटीत धरून टोकाकडून थोडा थोडा सोडवायचा, म्हणजे कातडीला ओढ बसत नाही. कात्री नकोच. मांजराची कातडी पातळ, जटेबरोबर वर उचलली जाते आणि कापल्यावरच कळतं. आंघोळही गुंता सोडवल्यानंतर. भिजलेली जट आणखी घट्ट होते.

एवढी चर्चा केसांची, पण या जातीचा खरा घोर हृदयाचा. हृदयाचा स्नायू जाड होत जाणारा आजार तिच्यात आनुवंशिक आहे. त्यामागचा एक जनुकदोष २००५ साली सापडला. ‘जनुक-तपासणी चांगली आली, म्हणजे सुटलो’ हेही खरं नाही, कारण तो दोष नसतानाही आजार होतो. पिल्लू घेताना आई-बाप दोघांच्या हृदयाची सोनोग्राफी झाली आहे का, ते विचारावं. विकणारा टाळाटाळ करत असेल तर पैसे खिशातच राहू द्यावेत.

मांजर तोंड उघडून धापा टाकू लागलं किंवा मागचे पाय एकाएकी लुळे पडून विव्हळू लागलं, तर ‘कुठून तरी पडलं असेल’ म्हणून सकाळची वाट बघू नये. रक्ताची गुठळी अडकली असू शकते. लगेच डॉक्टर गाठावा. दुखतंय म्हणून घरातली पॅरासिटामॉल तर मुळीच देऊ नये. माणसाची अर्धी गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते.